मोहरीचे गणगोत

या लेखाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

मी परभणीच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. हवा वर चढली म्हणजे प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते, हा भाग वर्गात चालू होता. सहा हजार मीटर उंचीवर तापमान किती खाली जाईल याची आकडेमोड मी फळ्यावर करून दाखवली. तेव्हा पूर्णेहून रोज रेल्वेने येणारी एक विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली, "सर, मग तिथे काही उगवत असेल का?"

मी ठामपणे म्हणालो, "छे! तिथे फक्त दगड आणि बर्फ."

मधल्या सुट्टीत चहा घेताना हा प्रसंग मी वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना सांगितला. ते हसले. "तुम्ही चुकलात," ते म्हणाले. "लडाखमध्ये ६१५० मीटर उंचीवर फुले येणाऱ्या सहा जातींची झाडे सापडली आहेत. त्यांतल्या तीन तर मोहरीच्या कुळातल्या आहेत."

"मोहरी? फोडणीतली?"

"फोडणीतली नव्हे, पण तिचे गणगोत."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी माझे उत्तर मागे घेतले. परंतु प्रश्न काही डोक्यातून जाईना. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंच. इथल्या स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी आणि सहा हजार मीटरवरच्या दगडगोट्यांतले ते झाड एकाच कुळातले, हे ठरवले कोणी? आणि कशावरून? या प्रश्नाच्या मागे लागल्यावर जे हाती आले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

बाजारात भेटणारे कूळ

आधी हे कूळ नीट ओळखून घेऊ. त्यासाठी हिमालयात जायला नको. हिवाळ्यात कोणत्याही गावच्या आठवडी बाजारात जा. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मुळ्याच्या शेंगा म्हणजे डिंगऱ्या, किराणा दुकानातली मोहरी आणि बाळंतिणीच्या लाडवांत घालतात ते हळीव, ही सगळी एकाच कुळातली मंडळी आहेत. या कुळाला पूर्वी 'क्रुसिफेरी' म्हणत, आता 'ब्रॅसिकेसी' म्हणतात. जगात त्याच्या सुमारे चार हजार जाती आहेत.

कोबीचा गड्डा, मुळ्याचे मूळ आणि हळिवाचा दाणा यांत तुम्हांला काही साम्य दिसते का? मलाही दिसत नव्हते. पण मुळा उपटायचा राहून गेला की त्याला फुले येतात. ते फूल आणि मोहरीचे फूल शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत चार पाकळ्या, त्याही अधिक चिन्हासारख्या समोरासमोर. क्रूसासारखी मांडणी म्हणून 'क्रुसिफेरी' हे नाव पडले. आत सहा पुंकेसर असतात, चार लांब आणि दोन आखूड. फूल गळाले की शेंग धरते. शेंग पिकून दोन्ही बाजूंची टरफले सुटली, तरी मधे कागदासारखा एक पातळ पडदा उभा राहतो. चार पाकळ्या, चार अधिक दोन पुंकेसर आणि शेंगेतला पडदा ही या कुळाची ओळखपत्रे होत.

आणखी एक ओळखपत्र डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळते. मोहरीचा अख्खा दाणा हुंगून पाहा, वास जवळजवळ नाही. तीच मोहरी पाण्यात वाटून फेसली, की नाकात झिणझिण्या येतात. असे का व्हावे? दाण्यात गंधकयुक्त 'ग्लुकोसिनोलेट' नावाची द्रव्ये एका कप्प्यात असतात आणि त्यांचे विघटन करणारे विकर दुसऱ्या कप्प्यात. दाणा चिरडला की दोघांची गाठ पडते आणि झणझणीत तेल तयार होते. फोडणीत मात्र उष्णतेने ते विकर आधीच निकामी होते, म्हणून तडतडलेली मोहरी नाकाला झोंबत नाही. हाच झणझणीतपणा थोड्याफार फरकाने मुळ्यात आहे, हळिवात आहे, कच्च्या कोबीतही आहे. झाडाला किडींपासून वाचवणारे हे हत्यार आहे.

गंमत अशी, की एका किडीने याच हत्याराला आमंत्रणपत्रिका मानले आहे. कोबीवर पडणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग या वासावरूनच आपले झाड शोधतो आणि या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतो. म्हणून कोबीच्या शेतात दर २५ ओळींना मोहरीच्या दोन ओळी सापळा पीक म्हणून लावण्याची शिफारस आहे. पतंग मोहरीकडे जातो आणि कोबी बराचसा वाचतो. कोबी आणि मोहरी यांचे नाते माणसाने पुस्तकात लिहिण्याच्या कितीतरी आधी या पतंगाला ठाऊक होते!

परभणीच्या डोक्यावर एक डोंगर

आता लडाखच्या त्या झाडांकडे वळू. पण त्यांची परिस्थिती कळावी म्हणून आधी एक हिशेब करू. साधारणपणे दर १००० मीटर उंचीला तापमान सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. समजा, परभणीच्या डोक्यावर आपण ६१५० मीटर उंचीपर्यंत पोचणारा डोंगर उभा केला. परभणीची उंची वजा जाता ५७५० मीटरची चढण झाली. म्हणजे तापमानात सुमारे ३७ अंशांची घट. मे महिन्यात खाली ४० अंशांत आपण घामाघूम झालेले असू, तेव्हा शिखरावर जेमतेम ३ अंश असतील. डिसेंबरात खाली १० अंश असतील, तर वर शून्याखाली २७. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाईचे, १६४६ मीटर. तिथली उतरण परभणीच्या तुलनेत आठ-नऊ अंशांहून कमीच. म्हणून आपल्या सह्याद्रीत बर्फाळ शिखरांवरच्या वनस्पती नाहीत. त्या पाहायच्या तर जिथे मोठे वृक्ष वाढणेच थांबते, त्या रेषेच्याही वर जावे लागते.

लडाख परभणीच्या पुष्कळ उत्तरेला असल्यामुळे तिथली थंडी आपल्या काल्पनिक डोंगरापेक्षाही कडक असते. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी. वारा सतत. पाऊस नाममात्र. जमीन वर्षातले थोडेच आठवडे गोठलेली नसते, आणि त्या आठवड्यांतही रात्री पाणी गोठते व दिवसा वितळते. पाण्याचे बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते हे तुम्ही शिकला आहात. मातीत असे रोज घडू लागले म्हणजे माती वर उचलली जाते, खाली बसते आणि कोवळी मुळे तुटतात.

अशा ठिकाणी, पूर्व लडाखमधील शुकुले नावाच्या शिखराच्या उतारावर, चेक शास्त्रज्ञांच्या पथकाला ही सहा जातींची झाडे मिळाली. त्यांविषयीचे शोधनिबंध २०१६ साली प्रसिद्ध झाले. सहांपैकी तीन मोहरीच्या कुळातली. त्यांची नावे ड्राबा अल्टायका, ड्राबा अल्शेहबाझी आणि लडाखिएला क्लिमेसी. उरलेल्यांपैकी दोन करडईच्या कुळातली आणि एक ज्वारीच्या कुळातले गवत. मोहरी, करडई आणि ज्वारी! आपल्या रब्बीच्या शिवारातली तीन कुळेच जणू प्रतिनिधी पाठवून त्या उंचीवर बसली आहेत.

आकार ठरवतो कोण?

ही झाडे दिसतात कशी? नाण्याएवढ्या लहानशा हिरव्या उशीसारखी. इवलीइवली पाने एकमेकांना चिकटलेली, खोड जवळजवळ नाही, आणि खाली आपल्या आकाराच्या मानाने लांब मूळ. थंड शिखरांवरच्या अशा झाडांना 'उशी-वनस्पती' म्हणतात. मुळाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर सागाच्या खोडासारखी वर्षावर्षाची कडी दिसतात आणि एवढेसे झाड कित्येक वर्षांचे असल्याचे कळते.

आता हा आकार का, ते पाहू. इथे माझा विषय कामाला येतो. एक सेंटिमीटर बाजूचे आठ घन सुटेसुटे ठेवा. प्रत्येकाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर, म्हणून एकूण ४८. तेच आठ घन जुळवून दोन सेंटिमीटर बाजूचा एक मोठा घन करा. पृष्ठफळ उरले २४. माल तेवढाच, पण उष्णता निसटून जाण्याची वाट निम्मी झाली. थंडीत कुत्र्याची पिल्ले एकमेकांना बिलगून झोपतात ती याचमुळे. पाने दाटीने बसली की त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा उष्णतेची वाईट वाहक. आपली गोधडी ऊब देते ती याच अडकलेल्या हवेच्या जोरावर. शिवाय जमिनीलगत वाऱ्याचा वेग कमी असतो. उघड्या माळावर जोराचा वारा सुटला असता आडवे पडून पाहा, लगेच पटेल. या सर्वांचा परिणाम असा, की स्वच्छ उन्हात अशा उशीचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनीही अधिक असू शकते. हवामान आहे तेच ठेवून झाडाने स्वतःपुरते खालच्या गावचे हवामान करून घेतले आहे.

पण जरा थांबा. हे कारण ध्यानात आले की त्याच्या मागोमाग एक अडचण उभी राहते. हा आकार जर उष्णतेच्या नियमांनी ठरवला असेल, तर तो एकट्या मोहरीच्या कुळापुरता कसा राहील? आणि तसे नाहीच. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावर अशाच हिरव्या उशा आहेत, त्या कोथिंबिरीच्या कुळातल्या. हिमालयात दुसऱ्या उशा आहेत, त्या आणखी वेगळ्या कुळांतल्या. शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे उशीचा हा आकार वनस्पतींच्या इतिहासात शंभराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाला आहे. एकमेकांशी सोयरसंबंध नसलेली झाडे सारख्या संकटाला तोंड देता देता सारखी दिसू लागली.

उलट बाजूही पाहा. कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल या तीन भाज्या एका ताटात ठेवल्या तर त्या तीन वेगळ्या जाती आहेत असे कोणीही शपथेवर सांगेल. प्रत्यक्षात त्या तिन्ही एकाच जातीच्या, ब्रॅसिका ओलेरेसियाच्या आहेत. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी निवडताना एकीत शेंड्याची कळी वाढवली, दुसरीत फुलोरा आणि तिसरीत खोड. तेव्हा सारखे दिसणारे परके असू शकतात आणि वेगळे दिसणारे सख्खे असू शकतात. रूप हे परिस्थितीचे काम आहे, मग ती परिस्थिती हिमालयाची असो की शेतकऱ्याच्या हाताची. नाते शोधायचे तर साक्षीदार दुसरा हवा.

शेंगेची साक्ष आणि तिची उलटतपासणी

असा साक्षीदार कोणता घ्यावा, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी अडीचशेहून अधिक वर्षे विचार केला आहे. अठराव्या शतकात स्वीडनच्या लिनियसने पुंकेसर मोजले. चार लांब व दोन आखूड पुंकेसर असलेल्या वनस्पतींचा त्याने एक वर्ग केला आणि शेंगेच्या आकारावरून त्याचे दोन भाग पाडले. एका भागात मोहरीसारखी लांब शेंग, तिला सार्षप म्हणतात. दुसऱ्या भागात हळिवासारखी आखूड चपटी शेंग, ती सार्षपिका. पुढे जर्मनीच्या ओ. ई. शुल्झ यांनी १९३६ साली या कुळाचे १९ गट केले. त्यांनीही शेंग, बी आणि बीजातल्या गर्भाची घडी यांवर मुख्य भर दिला. ही व्यवस्था कित्येक दशके प्रमाण मानली गेली.

मग डीएनए वाचण्याची सोय झाली. आईवडिलांकडून मुलांकडे जाणारा हा मजकूर उतरवून घेताना थोड्याथोड्या चुका होत राहतात. ज्या दोन झाडांत सारख्या चुका अधिक, त्यांचा पूर्वज अधिक जवळचा. वहीत सारखीच चूक आढळली की कोणी कोणाचे पाहून लिहिले हे तुमच्या शिक्षकांना जसे कळते, तसेच हे. या साक्षीवरून इहसान अल-शेहबाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली कुळाची नवी मांडणी केली आणि २५ गट सांगितले. पुढे त्यांची संख्या पन्नासाच्या वर गेली. शुल्झ यांच्या गटांपैकी मोहरी-कोबी-मुळ्याचा गट बव्हंशी टिकला, परंतु बाकीचे बहुतेक मोडावे लागले. कारण असे निघाले, की शेंग लांबीची आखूड आणि आखूडची लांब होण्याची क्रिया या कुळात पुनःपुन्हा घडली आहे. शेंगसुद्धा खोटी साक्ष देऊ शकते!

लडाखिएला या नावामागची हकिगत याचे चांगले उदाहरण आहे. लेओश क्लीमेश नावाचे एक चेक वनस्पतिशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे लडाखमध्ये पायी हिंडून वनस्पती गोळा करीत. त्यांना मिळालेल्या एका उशीवजा झाडाचे वर्णन अल-शेहबाझ यांनी २००२ साली केले. बाह्यलक्षणे पाहून त्यांनी ते 'अलिसम' या प्रजातीत घातले आणि क्लीमेश यांच्या सन्मानार्थ नाव दिले अलिसम क्लिमेसी. २००८ साली क्लीमेश यांनी जर्मन या आडनावाच्या सहकाऱ्याबरोबर दुसऱ्या एका नव्या जातीला अल-शेहबाझ यांचे नाव देऊन परतफेड केली. तीच ड्राबा अल्शेहबाझी. पुढे २०१० साली ध्यानात आले, की पहिले झाड अलिसमच्या गोतावळ्यातले नाहीच. तेव्हा त्याच्यासाठी नवी प्रजाती करावी लागली आणि तिला लडाखवरून 'लडाखिएला' हे नाव मिळाले. विशेष म्हणजे ही दुरुस्ती करणाऱ्या दोघांत स्वतः अल-शेहबाझ होते. आपणच दिलेले नाव चुकले असे छापून सांगायला त्यांना संकोच वाटला नाही. क्लीमेश मात्र हे पाहायला नव्हते. २००९ साली ते लडाखच्या डोंगरांत गेले आणि बेपत्ता झाले.

सारख्या, पण परक्या

ड्राबा प्रजातीची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. तिच्या जवळजवळ चारशे जाती आहेत. सबंध कुळात एवढी मोठी प्रजाती दुसरी नाही. हिमालय, आल्प्स, अँडीज, उत्तर ध्रुवाभोवतीचा प्रदेश, जिथे जिथे कडक थंडी तिथे तिथे ड्राबा. नॉर्वेतील शास्त्रज्ञांनी ध्रुवीय प्रदेशातल्या ड्राबाच्या तीन जाती घेतल्या. एकाच जातीची, एकसारखीच दिसणारी, पण दूरदूरच्या ठिकाणची झाडे आणून त्यांनी त्यांचा संकर केला. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की अशा संकरातून आलेली बहुतेक रोपे वांझ निघाली. म्हणजे नाव एक, रूप एक, पण आतून त्या वेगळ्या जाती झालेल्या होत्या.

असे का व्हावे? थंड प्रदेशात कीटक थोडे, म्हणून ड्राबाच्या पुष्कळ जाती स्वतःच्याच परागांनी बी धरतात. प्रत्येक शिखर म्हणजे एक बेट. या बेटावरचे पराग त्या बेटावर जात नाहीत. गेल्या वीसेक लाख वर्षांत हिमयुगे आली आणि गेली. हिमनद्या पसरल्या की झाडांचे कळप तुटत, हिमनद्या मागे हटल्या की काही पुन्हा भेटत. दीर्घकाळ न भेटलेल्यांची गुणसूत्रे इतकी बदलत की भेट झाली तरी जुळत नसत. परिस्थिती सारखीच असल्यामुळे रूप मात्र बदलत नसे.

मग असे न जुळणारे दोघे भेटले तर सगळे संपलेच का? नाही. त्यातून सुटण्याची एक वाट आहे, आणि तिचा सर्वांत सुबक पुरावा तुमच्या फोडणीत आहे.

फोडणीतल्या मोहरीची जन्मकथा

१९३५ साली जपानमध्ये काम करणाऱ्या वू जांग-चून या शास्त्रज्ञाने मोहरीच्या भाऊबंदांच्या गुणसूत्रांचा हिशेब मांडला. त्याचे वडील कोरियन आणि आई जपानी. जपानमध्ये तो नागाहारू ऊ या नावाने लिहीत असे. काळ्या मोहरीच्या पेशीत १६ गुणसूत्रे, म्हणजे ८ जोड्या. शलगम ज्या जातीतले आहे तिच्यात २०, म्हणजे १० जोड्या. आणि आपण फोडणीला घालतो त्या मोहरीत, ब्रॅसिका जुन्सियात, ३६. सोळा अधिक वीस बरोबर छत्तीस! आपली मोहरी ही त्या दोन जातींच्या संकराची संतती.

पण दोन जातींचा संकर वांझ असतो ना? होय, आणि त्याचे कारण देवळाबाहेरच्या चपलांवरून समजेल. संकरित रोपाला एका बाजूने ८ आणि दुसऱ्या बाजूने १० गुणसूत्रे मिळतात. जणू अठरा वेगवेगळ्या जोडांतली एकेकच चप्पल. बी तयार होताना गुणसूत्रांना आपला जोडीदार लागतो, आणि इथे तो कोणालाच नाही. आता समजा, पेशीविभाजनात चूक होऊन अठराची छत्तीस झाली. प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार झाल्यामुळे प्रत्येकाला जोडीदार मिळाला. वांझ रोप बी धरू लागले आणि एक नवी जाती जन्माला आली, तीही दोन्ही मूळ जातींपासून वेगळी पडलेली. ऊ एवढ्यावर थांबला नाही. अशीच जन्मलेली दुसरी एक तेलबिया जाती त्याने शलगम आणि कोबी यांच्या जातींचा संकर करून प्रत्यक्ष घडवून दाखवली.

थंड प्रदेशात हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर घडली आहे. ड्राबाच्या साध्या जातींत १६ गुणसूत्रे असतात, तर ध्रुवीय प्रदेशातल्या काही जातींत ती शंभराच्याही पुढे जातात. संकर, दुप्पट, पुन्हा संकर, पुन्हा दुप्पट. अशा वनस्पतींची वंशावळ झाडाच्या फांद्यांसारखी नुसती फुटत जात नाही. ती नदीच्या पात्रासारखी फुटते आणि पुन्हा मिळते. वर्गीकरण करणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते.

हे नाते जाणून काय करायचे?

तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशाला? उत्तर आपल्या परभणीतच आहे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणूजन्य रोग शेतकऱ्यांचे फार नुकसान करी. त्या वेळच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) भेंडीचा तिच्या एका वेगळ्या जातीच्या भावंडाशी संकर केला आणि त्या संकराचा पुढे पुन्हा भेंडीशीच वारंवार संकर केला. अशा रीतीने रोगाला दाद न देणारा वाण तयार झाला. १९८०च्या दशकात तो 'परभणी क्रांती' या नावाने देशभर गेला. रोग सोसण्याचा गुण कुठे शोधायचा आणि कोणाशी संकर जुळेल, हे ठरवताना भेंडीचे खरे आप्त कोण हे ठाऊक असावे लागले. नुसती भेंडीसारखी दिसणारी वनस्पती घेऊन भागले नसते.

मोहरीच्या गणगोताचेही तसेच आहे. थंडी, दुष्काळ आणि तीव्र ऊन सोसणारे तिचे आप्त शिखरांवर बसले आहेत. त्यांच्याकडून काय शिकता येईल हा पुढचा प्रश्न. त्यांची नोंद आणि ओळख ही पहिली पायरी.

आणि त्यासाठी वेळ अमर्याद नाही. चेक शास्त्रज्ञांनी २००३ साली पाहिलेल्या जागा २०१३ साली पुन्हा पाहिल्या. वाढत्या तापमानामुळे काही जाती वर सरकल्या होत्या. सलग वाढ जिथे संपते त्याच्याही सुमारे १५० मीटर वर, ६१५० मीटरपर्यंत त्या पोचल्या होत्या. हे प्रगतीसारखे दिसते. परंतु २०१० च्या उन्हाळ्यात अवेळी जोराची हिमवृष्टी झाली आणि त्यानंतर झाडांनी व्यापलेली जागा बरीच घटली. बर्फ झपाट्याने वितळायचे आणि रात्री पुन्हा गोठायचे, हा खेळ वाढला की मुळे तग धरत नाहीत. खालच्या झाडाला गरम झाले तर ते वर सरकू शकते. शिखरावरच्या झाडाला पुढची पायरीच नसते.

करून पाहा

तीन कुंड्या किंवा फुटके डबे घ्या. एकात मोहरी, दुसऱ्यात मुळ्याचे बी आणि तिसऱ्यात हळीव पेरा. हळीव भिजताच त्याभोवती बुळबुळीत थर येतो, तोही पाहून ठेवा. आठवड्याभरात पहिली पाने, म्हणजे बीजदले, उघडतील. मोहरीची आणि मुळ्याची बीजदले बदामाच्या आकाराची, मधे खाच असलेली आणि जवळजवळ हुबेहूब असतील. हळिवाची मात्र तीन भागांत चिरलेली दिसतील. मुळा आणि मोहरी कुळातल्या एकाच गटातली आणि हळीव दुसऱ्या गटातले, हे मोठेपणी कधी न दिसणारे नाते बालपणीच्या या आठ दिवसांत दिसून जाते.

पूर्णेच्या त्या विद्यार्थिनीने हा प्रयोग केला आणि तिन्ही डबे वर्गात आणून माझ्या टेबलावर ठेवले. "सर," ती म्हणाली, "सहा हजार मीटरवरच्या मोहरीची बीजदले कशी असतील?"

या वेळी मी घाईने उत्तर दिले नाही.